समुद्रासमोरचं घर, खाली स्पा: लक्झरी कॉन्डो घेण्याआधी काय बघायचं

समुद्रासमोरचा कॉन्डो दाखवायची वेळ बहुतेक ठरलेली असते: संध्याकाळी साडेपाच. ऊन कललेलं, ओहोटीमुळे वाळू लांबवर उघडी पडलेली, लॉबीत मंद सुगंध. लिफ्टने थेट वर नेतात, बाल्कनीचा दरवाजा सरकवतात आणि दोन मिनिटं काही बोलत नाहीत. मग खाली स्पा. मिणमिणते दिवे, गुंडाळून ठेवलेले पांढरे टॉवेल, दगडी भिंतीवरून झिरपणारं पाणी. या क्रमाने दाखवलं की माणूस विरघळतोच. मीही विरघळलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच परत गेलो, गाडी खालच्या पार्किंगमध्ये लावली आणि छताला टांगलेलं प्लास्टिकचं पन्हळ दिसलं. वरून टपकणारं पाणी त्यातून एका बादलीत सोडलं होतं. बरोबर वर काय होतं, तर स्विमिंग पूल.

तेव्हापासून अशी इमारत मी खालून वर बघतो. पहिल्यांदाच असं घर घेणाऱ्यांनाही हाच क्रम सांगेन. अशा इमारतीत दोन पाण्यांशी कायमची गाठ असते: बाहेरचं खारं आणि आतलं गरम. तुम्ही दर महिन्याला भरता ते पैसे बऱ्यापैकी या दोघांना आवरण्यातच जातात.

आधी समजून घ्या, विकत काय घेताय

कॉन्डोमिनियम हा मूळचा लॅटिन शब्द. अर्थ सामाईक मालकी. कॉन्डोत फ्लॅटच्या आतली जागा तुमच्या एकट्याची असते. गच्ची, खांब, लिफ्ट, पूल, समुद्राकडची भिंत हे सगळं सर्व मालकांचं मिळून, आणि त्यात तुमचा अविभक्त हिस्सा. हा हिस्सा किती टक्के, हे इमारतीच्या मूळ घोषणापत्रात लिहिलेलं असतं. मेंटेनन्स असो की अचानक निघालेला मोठा खर्च, वाटणी बहुधा याच टक्केवारीने होते. पेंटहाउसवाल्याचा हिस्सा मोठा, म्हणून बिलही मोठं.

घोषणापत्रात एक गोष्ट मुद्दाम शोधा: बाल्कनी, तिचं रेलिंग, सरकत्या काचा आणि एसीचं बाहेरचं युनिट कोणाच्या खात्यात येतं. अनेक ठिकाणी बाल्कनी सामाईक मालमत्ता असते, वापर मात्र फक्त तुमचा. अशा वेळी दुरुस्ती कोणी करायची, हे वाचल्याशिवाय कळत नाही. समुद्रावर सगळ्यात आधी खराब होणाऱ्या वस्तू याच, म्हणून हा प्रश्न बारीकसारीक समजून सोडू नका.

दुसऱ्या देशात घेत असाल तर पहिला प्रश्न मालकीचा. थायलंडमध्ये एका कॉन्डो प्रकल्पातल्या फ्लॅट्सच्या एकूण क्षेत्रफळापैकी ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी लोकांच्या नावावर होऊ शकतं. फिलिपिन्समध्ये ही मर्यादा ४० टक्के आहे. मेक्सिकोत किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या पट्ट्यात परदेशी माणसाला घर घ्यायचं तर ते बँकेच्या ट्रस्टमार्फत घ्यावं लागतं. नियम असे ठिकाणागणिक बदलतात. म्हणून वकील तिथलाच हवा, आणि तो तुम्ही शोधलेला हवा. विक्रेत्याने सुचवलेला वकील कितीही चांगला असला तरी उद्या त्याला परत काम कोण देणार आहे, हे त्याला ठाऊक असतं.

स्पा नक्की कोणाचा?

माहितीपत्रकात स्पा, सॉना, योगा डेक, थंड पाण्याचा कुंड हे सगळं एकाच पानावर असतं. कागदोपत्री मात्र त्यांचे मालक वेगवेगळे असू शकतात. कधी स्पा खरोखर सामाईक असतो. कधी बिल्डरने ती जागा स्वतःच्या नावावर ठेवलेली असते आणि एखाद्या चालकाला भाड्याने दिलेली असते. इमारतीत हॉटेल असेल तर स्पा हॉटेलचा आणि रहिवाशांना फक्त सवलत, असंही होतं.

स्पा सामाईक असेल तर खर्चही तुमचा. तुम्ही पाऊल टाका वा टाकू नका. तो बिल्डरकडे असेल तर उद्या विकला जाऊ शकतो, तिथे दुसरंच काही उघडू शकतं, किंवा बाहेरच्या सभासदांना प्रवेश मिळून रविवारी सकाळी तुम्हाला वेळच मिळणार नाही. म्हणून तोंडी ‘सर, लाइफटाइम फ्री आहे’ ऐकून मान डोलावण्याऐवजी विचारा: हा हक्क घोषणापत्रात आहे का, की चालकाशी केलेल्या करारात? तो करार किती वर्षांचा? फ्लॅट विकला तर हक्क नव्या मालकाकडे जातो का? पाहुण्याला आत नेता येतं का, आणि मी घर भाड्याने दिलं तर भाडेकरूला?

वेलनेसच्या नावाखाली हल्ली प्रमाणपत्रंही दाखवतात. वेल नावाचं मानक २०१४ मध्ये आलं. हवा, पाणी, प्रकाश, आवाज अशा गोष्टींवर इमारत तपासतात. मानक चांगलं आहे, पण ते दर ३ वर्षांनी नव्याने मिळवावं लागतं. लॉबीतल्या चकचकीत पाटीवरची तारीख वाचा. ‘वेल मानकानुसार डिझाइन केलेलं’ आणि ‘वेल प्रमाणित’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

अडनिड्या वेळी जा

निदान तीन फेऱ्या मारा. एक दुपारी कडक उन्हात: पश्चिमेकडच्या काचेच्या भिंतीमागे बसून बघा किती वेळ बसवतं. एक रात्री: लाटांचा आवाज सगळ्यांना आवडतो, खालच्या बारचा सगळ्यांना आवडतो असं नाही. आणि एक उधाणाच्या भरतीला. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस भरती सर्वांत मोठी असते. त्या वेळी पाणी कुठवर येतं, पार्किंगच्या उतारावर किंवा रस्त्याच्या गटारातून उलटं वर येतं का, हे डोळ्यांनी बघा. वादळी हंगामात जाता आलं तर उत्तमच.

गूगल अर्थवर त्या किनाऱ्याची जुनी उपग्रहचित्रं उघडा आणि एखादी न हलणारी खूण धरून मोजा: पंधरा-वीस वर्षांपूर्वी वाळू किती रुंद होती आणि आज किती आहे. २००६ ते २०१८ या काळात जगभरची समुद्रपातळी सरासरी वर्षाला ३.७ मिलिमीटरने वाढली. आकडा किरकोळ वाटतो. पण सपाट किनाऱ्यावर उभी वाढ थोडी असली तरी पाणी आडवं बरंच आत येतं. वाळू वाहून जात असेल तर ती परत कोण आणून टाकतं, संरक्षक भिंत कोणाची, तिच्या दुरुस्तीचा खर्च कोणाच्या माथी, हे विचारून ठेवा. ‘प्रायव्हेट बीच’ या शब्दांवरही फार विसंबू नका. बऱ्याच देशांत भरतीच्या रेषेखालची वाळू सार्वजनिक असते. खासगी असतात त्या फक्त खुर्च्या आणि छत्र्या.

बाल्कनीत गेलात की दृश्य नंतर. आधी हातरुमाल ओला करून रेलिंगवरून फिरवा, विशेषतः खांब फरशीत शिरतो तिथे. नारिंगी डाग आला तर स्टील हलक्या प्रतीचं आहे किंवा धुतलं जात नाही. साधं ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील खाऱ्या हवेत चहा सांडल्यासारखं डागाळतं. किनाऱ्यावर ३१६ ग्रेड लागतं. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, म्हणून ते जास्त टिकतं. तेही गोड्या पाण्याने धुवावंच लागतं. मग सरकता दरवाजा एका हाताने ओढून बघा. खरखरत, अडखळत येत असेल तर खालच्या रुळांत मीठ-वाळू बसली आहे किंवा चाकं गेली आहेत. एवढ्या मोठ्या काचेचं काम स्वस्तात होत नाही.

मग पार्किंग

या पायरीवर घाई करू नका. अख्ख्या इमारतीची तब्येत पार्किंगच्या छतावर लिहिलेली असते.

काँक्रीटमध्ये सळई गंजत नाही, कारण काँक्रीट अल्कधर्मी असतं आणि सळईवर एक संरक्षक थर धरून ठेवतं. खाऱ्या हवेतले, खाऱ्या पाण्यातले क्लोराइड हळूहळू आत झिरपतात आणि तो थर फोडतात. गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो. तो आतून ढकलतो, काँक्रीटला सळईच्या रेषेतच तडा जातो, तड्यातून आणखी पाणी शिरतं. बाहेरून आपल्याला दिसतात ते फुगलेलं प्लास्टर, तपकिरी ओघळ, आणि कुठे कुठे उघडी पडलेली सळई. छतातून लोंबणाऱ्या पांढऱ्या, चुन्यासारख्या बारीक कांड्या दिसल्या तर वरून पाणी बराच काळ झिरपतंय असं समजा. एकाच पट्ट्यात नवा रंग दिसला तर तो का लावला, हे विचारायला लाजू नका.

फ्लोरिडातल्या सर्फसाइड इथे २४ जून २०२१ च्या पहाटे चॅम्पलेन टॉवर्स साउथ ही १२ मजली समुद्रकिनारी इमारत अर्धवट कोसळली. ९८ माणसं गेली. इमारत १९८१ मधली. २०१८ मध्येच एका अभियंत्याने लिहून दिलं होतं की पूलच्या डेकखालचं वॉटरप्रूफिंग निकामी झालंय, आणि डेकला उतारच नसल्यामुळे पाणी साचून राहतंय. दुरुस्तीचा खर्च सुमारे दीड कोटी डॉलरवर गेला. मालकांची बैठकांमागून बैठक झाली, वाद झाले, वर्गणी मंजूर व्हायला २०२१ उजाडलं. नंतरच्या तपासात मूळ आराखड्यातच डेक कमकुवत असल्याचंही पुढे आलं. ही गोष्ट घाबरवायला सांगत नाही. अशी बहुतेक घरं धडधाकट उभी आहेत. पण ज्या डेकवर संध्याकाळी तुम्हाला पेय हातात देऊन उभं करतात, त्याच्या खाली जाऊन बघायची सवय मला या घटनेने लावली. त्या दुर्घटनेनंतर, २०२२ मध्ये, फ्लोरिडाने कायदा करून तीन आणि त्याहून जास्त मजल्यांच्या कॉन्डो इमारतींना संरचनेच्या दुरुस्तीसाठी राखीव निधी किती लागेल याचा अभ्यास सक्तीचा केला.

पार्किंगमध्येच आणखी एक बघा: जनरेटर, विजेचं मुख्य पॅनेल आणि पाण्याचे पंप किती उंचीवर आहेत. २०१२ च्या सँडी वादळात न्यूयॉर्कमधल्या अनेक इमारतींची तळघरातली विजेची यंत्रणा पाण्यात गेली होती. विसाव्या मजल्यावर पाणी चढत नाही हे खरं, पण लिफ्ट बंद पडली की विसावा मजला फार उंच वाटतो.

स्पाच्या मागचं दार

पुढचं दार सगळेच दाखवतात. तुम्ही मागचं, म्हणजे पंप, फिल्टर आणि हीटरची खोली दाखवायला सांगा. दाखवली नाही, तर तेही एक उत्तरच झालं.

पण आधी नाक वापरा. बंदिस्त पूलमध्ये शिरताच क्लोरीनचा भपकारा आला तर लोक म्हणतात, ‘वा, किती स्वच्छ ठेवलंय.’ प्रत्यक्षात उलट आहे. तो वास क्लोरामाइनचा. घाम वगैरेंशी क्लोरीनचा संयोग होऊन ते तयार होतात, आणि वायुवीजन कमी पडलं की साचतात. डोळे चुरचुरतात आणि आजूबाजूचा धातूही खराब होतो. नीट चालवलेल्या बंदिस्त पूलमध्ये हवा पाण्यापेक्षा एक-दोन अंश गरम आणि आर्द्रता ५० ते ६० टक्क्यांच्या आसपास ठेवतात. काचेवरून पाणी ओघळतंय, छताचे कोपरे काळे पडलेत, असं दिसलं तर ती ओल पुढेमागे कोणाच्या तरी भिंतीत शिरणार आहे.

स्टीम रूममध्ये मान वर करून छत बघा. ते एका बाजूला उतरतं किंवा कमानीसारखं असायला हवं, म्हणजे थेंब भिंतीवरून खाली जातात. सपाट असेल तर गार थेंब थेट टाळूवर पडतात. करणाऱ्याला काम किती कळतं याचा तो पहिला पुरावा. सॉना कोरडी, साधारण ७० ते १०० अंश; स्टीम रूम पंचेचाळीसच्या आसपास, पण हवा पूर्ण ओली. म्हणून इमारतीला त्रास स्टीमचा जास्त. टाइल्सच्या मागे वाफ अडवणारा थर घातला आहे का, हे बिल्डरच्या अभियंत्याला विचारा, विक्रीच्या माणसाला नको.

जकूझीबाबत नोंदवही मागा. लिजिओनेला नावाचे जिवाणू २० ते ४५ अंशांच्या कोमट पाण्यात वाढतात, आणि बुडबुड्यांतून उडणाऱ्या तुषारांवाटे फुप्फुसात जातात. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात मोठी साथ आली तेव्हा त्यांच्यामुळे होणारा फुप्फुसांचा आजार पहिल्यांदा ओळखला गेला. जकूझीचं तापमान नेमकं याच पट्ट्यात असतं, त्यामुळे जंतुनाशक आणि पीएच दिवसातून अनेकदा मोजून लिहून ठेवावे लागतात. वहीत महिनाभराचे आकडे एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिल्यासारखे दिसले तर काय समजायचं ते समजा.

आणि आवाज. स्पाच्या लगत, वर किंवा खाली असलेला फ्लॅट ‘स्पापासून दोन पावलांवर’ म्हणून जास्त किमतीला विकतात. मी अशा एका घरात चार रात्री राहिलो. पहाटे पाच वाजता पूलचा पंप सुरू झाला की उशीतून घुर्र ऐकू यायचं. शक्य असेल तर विकत घेण्याआधी त्याच मजल्यावर एक रात्र भाड्याने राहून बघा.

पैसा कुठे मुरतो

मेंटेनन्सचा आकडा कमी दिसला की हरखू नका. पूल, सॉना, लिफ्ट, पहारा, बाग आणि खारी हवा एवढं सगळं असताना मेंटेनन्स कमी असेल, तर काहीतरी होत नाहीये. नव्या इमारतीत तर पहिली एक-दोन वर्षं बिल्डर मुद्दाम आकडा खाली ठेवतो. ताबा मालकांच्या संस्थेकडे गेला की खरा आकडा कळतो.

बघायचा तो राखीव निधी. वॉटरप्रूफिंग, बाहेरचा रंग, लिफ्ट, पूलची यंत्रणा यांचं आयुष्य ठरलेलं असतं. ते संपेल तेव्हा पैसे असावेत म्हणून निधीचा अभ्यास करून घेतात. तो अहवाल मागा. त्यात लिहिलेली गरज आणि खात्यातली शिल्लक यांत मोठी दरी असेल तर ती एक दिवस विशेष वर्गणीने भरली जाणार, आणि त्या दिवशी मालक तुम्ही असाल.

विमा दोन प्रकारचा: इमारतीचा सामाईक आणि तुमच्या घराचा. सामाईक विमा भिंतीच्या आत कुठवर येतो, हे बघून मगच स्वतःचा घ्या. पुराचा विमा बऱ्याच ठिकाणी वेगळा असतो. वादळाच्या नुकसानीत विमा कंपनी हात घालण्याआधी मालकांनी सोसायची रक्कम अनेकदा इमारतीच्या विमा-मूल्याच्या टक्केवारीत असते. इमारत मोठी असली की दोन टक्केही छातीत धडकी भरवतात.

इतिवृत्त वाचा, कंटाळवाणं असलं तरी

नियमावली, ताळेबंद, चालू खटले हे वकील बघेलच. मालकांच्या बैठकांचं मागच्या दोन-तीन वर्षांचं इतिवृत्त मात्र स्वतः वाचा. तिथे इमारत स्वतःच्या तोंडाने बोलते. ‘१४०२ मधली गळती, पुन्हा चर्चा’ हे वाक्य सलग पाच बैठकांत आलं की त्या भिंतीबद्दल आणि त्या समितीबद्दल एकदमच कळतं. थकबाकीदार किती, हेही तिथेच सापडतं. अल्प मुदतीच्या भाड्याबद्दलचा ठरावही शोधा. तुम्हाला भाड्यावर द्यायचं असेल तर बंदी नको. शांत राहायचं असेल तर दर शनिवारी लॉबीत नव्या बॅगांचे ढीग नकोत.

बांधकाम चालू असेल तर इतिवृत्त नसतंच. मग त्याच बिल्डरच्या आठ-दहा वर्षं जुन्या समुद्रकिनारी इमारतीत जा आणि तिथल्या पहारेकऱ्याशी, लिफ्टमध्ये भेटणाऱ्या रहिवाशाशी बोला. तुमचे हप्ते त्रयस्थ खात्यात सुरक्षित राहतात का, ताबा लांबला तर काय, आणि चित्रातला स्पा करारात यादीसकट आहे का, हे तपासा. ‘समतुल्य सुविधा देण्याचा हक्क राखीव’ या ओळीतून थंड पाण्याचा कुंड गायब होऊन तिथे दोन सायकली येऊ शकतात. समोरचा मोकळा प्लॉट कोणाचा, हेही याच वेळी विचारा. दृश्याची किंमत तुम्ही भरता. त्यावर मालकी सहसा मिळत नाही.

सौदा आणि ताबा

बयाणा देताना करारात अट घाला: तपासणी, कागदपत्रं आणि विमा या तिन्हींबाबत समाधान झालं नाही तर रक्कम परत. तपासणीसाठी किनाऱ्यावरच्या काँक्रीटचा अनुभव असलेला संरचना अभियंता बोलवा. त्याची फी एकूण किमतीपुढे किरकोळ असते. दोष सापडले तर बहुतेकदा सौदा मोडावा लागत नाही, भाव खाली येतो. मंजूर झालेली पण अजून न भरलेली विशेष वर्गणी विक्रेत्याने भरावी, हे मात्र लिहूनच घ्या.

ताब्याच्या दिवशी मीटरचे आकडे, काचांवरचे ओरखडे, फरशीचे आवाज सगळ्याची तारखेसह छायाचित्रं काढा. बादलीभर पाणी बाल्कनीत ओता आणि ते जाळीकडे जातं की दरवाजाकडे येतं, ते बघा. घर काही आठवडे बंद राहणार असेल तर परतल्यावर अंघोळीआधी शॉवर आणि नळ काही मिनिटं वाहू द्या, तुषार श्वासात जाऊ न देता. साचलेल्या पाण्याचा तोच लिजिओनेलाचा धोका घरातही असतो. बंद घरात आर्द्रता आवरायला यंत्र लावून जा, नाहीतर चामड्याच्या सोफ्यावर बुरशीची लव दिसेल. आणि ज्याच्याकडे किल्ली ठेवाल त्याला एक काम लावून द्या: पंधरवड्यातून एकदा रेलिंग, दरवाजाचे रूळ आणि एसीचं बाहेरचं युनिट गोड्या पाण्याने धुऊन काढायचं.